चर्चची चौकशी आणि कलम १९

चर्चच्या आवारात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप पुढे आला, की त्याची शहानिशा प्रथम अंतर्गत समितीने करावी आणि तथ्य आढळल्यासच पोलिसांना कळवावे, असे मत पाळक, फादर व मंडळीतील ज्येष्ठ सभासद अनेकदा प्रामाणिकपणेच मांडतात. परंतु २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, अशा प्रतीक्षेला जागा नाही. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक असून, नागपूरच्या नंदनवन भागातल्या एखाद्या संडे स्कूलची शिक्षिका आणि धर्मप्रांताचा प्रमुख यांच्यात हा कायदा भेद करीत नाही. उलट, हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखासाठी कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत, म्हणजे इतरांपेक्षा दुप्पट, कैद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फिरवला आणि असे मौन हा गंभीर अपराध ठरवला. हे प्रकरण चर्चचे नव्हते. मात्र दंडक तोच.

खोट्या तक्रारीने निरपराध धर्मगुरूचे आयुष्य उद्ध्वस्त होईल, हा आक्षेप वजनदार वाटतो. पण द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीला कलम २२ मध्ये शिक्षा आहेच, आणि वैद्यकीय पुरावा गोळा करण्याचा अधिकार नसलेली समिती संशयिताला सावध करण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

अल्पसंख्य समाजाची बदनामी होईल, ही भीती आजच्या वातावरणात काल्पनिक म्हणता येत नाही. तथापि अत्याचार सोसणारे मूलही बहुधा त्याच समाजाचे असते, याचा त्या युक्तिवादाला विसर पडतो; मुंबईच्या शिवाजीनगरमधील एका धर्मगुरूला २०१५ च्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेप सुनावली, ती भाविक कुटुंबानेच पोलिसांकडे तक्रार नेल्यामुळे.

व्हॅटिकनच्या २०१९ च्या नियमावलीनेही देशाच्या कायद्यानुसार कळवण्याचे कर्तव्य अबाधित ठेवले आहे. ती कॅथलिक चर्चपुरती असल्याने १९७० मध्ये नागपुरातच स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला अर्थातच लागू नाही, आणि घरोघरी भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभांवर तर बहुधा कोणी बिशपही नसतो. तिथे लेखी बालसुरक्षा धोरण, मुलांसोबत एकट्या प्रौढाने न राहण्याचा नियम आणि १०९८ हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर लावणे, ही कामे मंडळीनेच करायची आहेत. मुलाला पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतील, ही पालकांची धास्तीही कायद्याने विचारात घेतली आहे: कलम २४ प्रमाणे त्याचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो.