जुन्या लॅपटॉपला निरोप देण्यापूर्वी

आपल्या जुन्या बडोदेकर घरांत वस्तू सहजासहजी टाकून देण्याची रीत नव्हती. पितळेच्या पातेल्यांना कल्हई होई, विरलेल्या लुगड्यांची दुपटी होत, गादीचा कापूस पिंजून पुन्हा भरला जाई आणि भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ तेलपाण्यासाठी नेमाने घड्याळजीकडे जाई. या काटकसरीचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु हल्ली घरोघर एक वस्तू अशी आली आहे की, तिच्यापुढे ही पिढीजात अक्कल चालेनाशी होते. ती वस्तू म्हणजे आठ-दहा वर्षे वापरलेला लॅपटॉप.

तो मंद चालू लागला की घरात दोन पक्ष पडतात. आजोबांचा पक्ष म्हणतो, “चांगला चालता आहे, दुरुस्त करून घ्या.” नातवाचा पक्ष म्हणतो, “आजोबा, त्याच्यावर आता एक पैसाही घालवू नका, नवा आणू.” गंमत अशी की, दोन्ही पक्षांपैकी कोणीही यंत्राला नेमके काय झाले आहे याची चौकशी केलेली नसते. एकाला टाकण्याचा तिटकारा, दुसऱ्याला जुन्याचा. दोघेही बोलतात ते सवयीने. आमच्या मते हा प्रश्न सवयीने सोडवण्याचा नव्हे, तपासून सोडवण्याचा आहे.

या वादाला अलीकडे धार आली ती एका तारखेमुळे. ‘विंडोज १०’ या प्रणालीची नित्याची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेपुरती वाढीव मुदत जाहीर झाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ‘विंडोज ११’ घालावी म्हटले तर कंपनीची अट आड येते. यंत्रात ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय असली पाहिजे आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला असला पाहिजे. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासूनच्या प्रोसेसरांनी सुरू होते. त्याआधीची कितीतरी यंत्रे धडधाकट असूनही एका दिवसात ‘जुनी’ ठरली ती यामुळे.

येथे दोन गोष्टी नीट वेगळ्या केल्या पाहिजेत. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडले असे नाही. ते दुसऱ्या दिवशीही पूर्ववत चालू होते. मात्र प्रणालीत पुढे जी छिद्रे सापडतील ती बुजवणारा कोणी राहत नाही. घराला कुलूप आहे, पण किल्लीची नक्कल निघाल्याचे कळले तरी ते बदलून मिळणार नाही, अशी ही स्थिती. तेव्हा अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही. पण म्हणून यंत्रच भंगारात घालावे, हेही ओघाने येत नाही. ‘लिनक्स’वर आधारलेल्या, फुकट मिळणाऱ्या प्रणाली अशा यंत्रांवर उत्तम चालतात. पत्रलेखन, वाचन, गाणी ऐकणे, परदेशातल्या मुलाशी समोरासमोर बोलणे, युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन, ही सारी कामे त्यांवर होतात. अडते ते एवढ्यासाठीच की, केवळ विंडोजसाठी लिहिलेली एखादी हिशेबाची वा छपाईची प्रणाली तेथे चालेलच असे नाही. तुमचे काम अशा प्रणालीवर अवलंबून असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नव्हे.

आता यंत्राच्या मंदपणाकडे वळू. २०१७-१८ च्या सुमाराच्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असे. तिच्यात तबकडी फिरते, वर एक सुई सरकते आणि माहिती हुडकून काढते. मिनिटाला ५४०० फेरे म्हटले की वेग मोठा वाटतो, पण आजच्या प्रणालींना तो पुरत नाही. तिच्या जागी हलता भाग नसलेली एसएसडी बसवली की, तेच यंत्र उघडायला मिनिटे घेत होते ते सेकंदांत उघडते. जुन्या लॅपटॉपावर केलेल्या कोणत्याही खर्चाचे इतके रोख फळ मिळत नाही. त्याखालोखाल मेमरी. चार जीबीची आठ केली तर फरक पडतो. मात्र २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती बऱ्याच चढल्या, त्यामुळे भाव विचारूनच हा निर्णय करावा. पंख्यात साठलेली धूळ काढणे आणि प्रोसेसरवरचा वाळलेला लेप नव्याने लावणे ही तर निव्वळ साफसफाई होय. उन्हाळ्यात यंत्र तापून बंद पडते ते पुष्कळदा एवढ्याचसाठी.

बॅटरीची कथा निराळी. लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. काही शे वेळा भरली-रिकामी झाली की तिची धारणशक्ती घटणारच, त्यात यंत्राचा दोष नाही. ती बदलून मिळते. पण ती फुगली असेल, खालचे झाकण उचलले गेले असेल किंवा कळफलक मधोमध वर आला असेल, तर काटकसर बाजूला ठेवून यंत्र त्याच क्षणी बंद करावे. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती घरी टोचून वा दाबून पाहण्याची वस्तू नव्हे.

याउलट मदरबोर्ड गेला असेल, पडदा फुटून बिजागरीही तुटली असेल, किंवा अतिपातळ यंत्रांत असते तशी मेमरी बोर्डालाच डाखलेली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. एक भाग बदलल्यावर महिन्याभरात दुसरा जातो आणि खर्चाचा हिशेब राहत नाही.

हिशेबाची रीत आमच्या मते सोपी आहे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीशी न ताडता प्रत्येकाचा दर वर्षाचा खर्च काढावा. समजा, नवे यंत्र ४०,००० रुपयांना आले आणि पाच वर्षे चालले, तर वर्षाला ८,००० रुपये पडले. जुन्यावर ६,००० रुपये घातले आणि ते आणखी दोन वर्षे नीट चालले, तर वर्षाला ३,००० पडले. दुरुस्ती फायद्याची ठरली. पण त्याच दुरुस्तीला १५,००० लागत असतील आणि भरवसा दोनच वर्षांचा असेल, तर वर्षाला ७,५०० रुपये मोजून आपण केवळ भावनेचे भाडे भरत आहोत. हे गणित कागदावर मांडले की दोन्ही पक्षांचा आवाज आपोआप खाली येतो.

गणितात न बसणारी एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. आपल्याकडे नवे यंत्र आले की ते कमावत्या मुलाकडे वा शिकणाऱ्या नातवाकडे जाते, आणि जुने, अर्धवट दुरुस्त केलेले यंत्र घरातल्या आईला किंवा आजीला मिळते. “तुला काय, भजनेच तर ऐकायची,” असे वर म्हटले जाते. वास्तविक ज्याला यंत्राची सवय कमी, त्याच्या हाती अडखळणारे यंत्र देणे हा उलटा न्याय आहे. यंत्र अडले की तरुण माणूस यंत्राला दोष देतो, आजी स्वतःला देते, आणि पुन्हा त्याला हात लावत नाही. जुने यंत्र ज्येष्ठांना द्यावयाचे असेल तर ते आधी पूर्ण दुरुस्त करून द्यावे. तशी तयारी नसेल तर दातृत्वाचा आव आणू नये.

याहून मोठी गोष्ट यंत्राच्या पोटात काय आहे ही. आपल्या अनेक घरांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कोणा काकांनी वा आत्याबाईंनी खपून कुलवृत्तांत लिहिला, आजोबांची पत्रे टंकून काढली, आरत्यांचा वा पाककृतींचा संग्रह केला. हे लेखन पुष्कळदा श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा जुन्या टंकांत आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीला स्थान होते, तरी घराघरांत ती रुळायला पुष्कळ वर्षे गेली. या जुन्या टंकांची युक्ती अशी की, आत साठवलेली असतात रोमन अक्षरांची चिन्हे, आणि टंक त्यांना देवनागरी रूप देतो. टंक नसलेल्या नव्या यंत्रावर ती फाइल उघडली की आजोबांच्या पत्राच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. मग कोणी तरी ती फाइल बिघडली असे समजून पुसून टाकतो.

बडोद्यातील मंडळींना हे नवे नाही. जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडीतले कागद निघतात आणि वाचणारा कोणी नसल्याने ते पुन्हा गुंडाळून ठेवले जातात. पणजोबांचे हस्ताक्षर समोर असूनही परके झाले, त्याला शंभर वर्षांचा काळ लागला. टंकांच्या बाबतीत तेच दहा-पंधरा वर्षांत घडते आहे. मोडीचे जाणकार शोधल्यास अजून भेटतात. पुसलेली फाइल मात्र कोणी वाचू शकत नाही. म्हणून दुरुस्ती असो वा खरेदी, पहिले काम हे की सर्व फाइलींची नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी करावी, तिच्यासोबत ते टंकही ठेवावेत, आणि महत्त्वाचे लेखन रूपांतर करून युनिकोडमध्ये घ्यावे. रूपांतरात जोडाक्षरे व रफार चुकतात, ते घरातल्या कोणी तरी मूळ प्रतीशी ताडून दुरुस्त करावेत. जुने यंत्र चालू आहे तोवरच हे सहज होते. या एका कारणासाठी जुन्या लॅपटॉपाला सहा महिन्यांचे आयुष्य विकत घ्यावे लागले, तरी ते महाग नव्हे.

दुरुस्ती करणाऱ्यांविषयीही दोन शब्द. सयाजीराव महाराजांनी १८९० साली या शहरात कलाभवन काढले, ते हातांनी काम करणाऱ्याला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. त्या शहरात आज छोट्या दुकानात बसून सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डाची डागडुजी करणाऱ्या तरुणाला आपण कारागीर म्हणून मान देतो काय? त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि दिखाऊ दालनात नव्या यंत्राची छापील किंमत मुकाट्याने मोजतो. त्यालाही अडचणी आहेत. सुटे भाग मिळत नाहीत, कंपन्या माहिती देत नाहीत, बॅटऱ्या डिंकाने चिकटवतात. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपांसह काही वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापणे सक्तीचे केले. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य आहे, पण माहितीला सक्तीची जोड मिळाल्याखेरीज कंपन्यांची सवय बदलेल असे आम्हाला वाटत नाही.

आणि टाकायचेच ठरले तर कोठे टाकावे, हाही विचार हवा. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांवर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा उघड्यावर जाळून वा तेजाबात घालून त्यातले तांबे-सोने काढले जाते. तो धूर कोणाच्या तरी मुलांच्या छातीत जातो. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा दारावरच्या भंगारवाल्याला चार पैशांसाठी देण्यापेक्षा नोंदणीकृत केंद्राकडे यंत्र द्यावे, आणि देण्यापूर्वी आतली माहिती पूर्ण पुसावी.

दुरुस्ती म्हणजे कंजूषपणा नव्हे आणि नवी खरेदी म्हणजे प्रगतीही नव्हे. आधी आतले लेखन वाचवावे, मग यंत्र उघडून रोग पाहावा, मग वर्षाचा हिशेब मांडावा. एवढे करूनही नवे घ्यावे असे ठरले तर खुशाल घ्यावे. मात्र घेताना दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: “याची डिस्क, मेमरी आणि बॅटरी उद्या बदलता येईल ना?” उत्तर नकारार्थी आले तर दुसरे यंत्र दाखवायला सांगावे. नाही तर आठ वर्षांनी हाच वाद त्या घरात पुन्हा उभा राहील आणि त्या वेळी दुरुस्तीचा पक्ष घ्यायला जागाच उरणार नाही.