अंगणातलं हिरवंगार गवत उपटून अमेरिकेतले लोक तुळशीच्या कुळातली झुडपं का लावतायत?

अमेरिकेत पाणी देऊन जोपासलं जाणारं सगळ्यात मोठं पीक कोणतं, असं विचारलं तर तुम्ही काय सांगाल? मका, गहू की सोयाबीन?

उत्तर आहे गवत. तेही गुरांच्या चाऱ्याचं नाही, तर घरापुढच्या लॉनचं.

२००५ साली नासाच्या मदतीनं झालेल्या एका संशोधनात उपग्रहाच्या माहितीवरून अंदाज काढला गेला. अमेरिकेतली लॉन, मैदानं आणि गोल्फ कोर्स मिळून साधारण १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर जमीन गवताखाली आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त भाग.

आता याच गवताच्या मागे कायदा लागलाय. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन कोरड्या राज्यांमध्ये २०२७ पासून लॉनवर पाणी मारण्याचे नियम बदलतायत. गवत काढून लोक तिथल्या डोंगरउतारावरची रानझुडपं अंगणात आणतायत. त्यात सगळ्यात लाडकं झुडूप म्हणजे साल्व्हिया, ज्याला तिकडे सेज म्हणतात.

पण हे प्रकरण दिसतं तेवढं सरळ नाही. त्यात पाणी आहे, आग आहे आणि चोरीसुद्धा आहे.

आधी बघू, कायदा काय म्हणतोय

सुरुवात केली नेवाडानं. लास वेगास शहराला जवळपास ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीतून मिळतं. ही नदी सात राज्यं आणि मेक्सिको मिळून सुमारे ४ कोटी लोकांना पाणी देते, आणि गेली २० हून जास्त वर्षं ती आटत चाललीय. म्हणून २०२१ मध्ये नेवाडानं कायदा केला. १ जानेवारी २०२७ पासून निव्वळ शोभेच्या गवताला या नदीचं पाणी देता येणार नाही.

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गेव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये असाच कायदा मंजूर केला. तिथे सरकारी इमारतींना २०२७ पासून, दुकानं, ऑफिसं, कारखाने आणि संस्थांना २०२८ पासून, तर सोसायट्यांच्या सामायिक जागेला २०२९ पासून शोभेच्या गवतावर पिण्याचं पाणी वापरता येणार नाही.

शोभेचं गवत म्हणजे ज्यावर कुणी खेळत नाही, बसत नाही असं गवत. खेळाची मैदानं, स्मशानभूमी, लोक जमतात त्या बागा यांना सूट आहे. दोन्ही राज्यांत लोकांच्या स्वतःच्या घरापुढच्या लॉनवरही या कायद्यानं बंदी नाही. घरमालकांना गवत काढण्यासाठी पैसे दिले जातात. चौरस फुटामागे काही डॉलर, असा हिशोब.

एवढं पाणी पितं तरी किती हे गवत?

लास वेगासच्या पाणीपुरवठा यंत्रणेचा हिशोब असा आहे. एक चौरस फूट गवताला वर्षाला ७३ गॅलन, म्हणजे सुमारे २७६ लिटर पाणी लागतं. तेवढ्याच जागेत कोरड्या हवेत तगणारी झाडं लावली तर १८ गॅलन, म्हणजे ६८ लिटर पुरतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर टँकरमध्ये मोजू. हजार चौरस फुटांच्या लॉनला वर्षाला १० हजार लिटरचे जवळपास २८ टँकर लागतात. गवत काढलं की काम सात टँकरवर येतं.

मग साल्व्हियाच का?

साल्व्हिया हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातलं झाड. जगभरात त्याच्या जवळपास हजार जाती आहेत. आपल्याकडे सध्या जोरात असलेलं चिया सीड हे मेक्सिकोकडच्या एका साल्व्हियाचंच बी. 'साल्व्हिया' या नावाचं मूळही बरं करणं, वाचवणं या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे.

कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या जाती वेगळ्या. पांढुरक्या पानांचा व्हाइट सेज, मधमाश्यांचा आवडता ब्लॅक सेज, निळ्या-जांभळ्या फुलांचा क्लीव्हलँड सेज आणि ओकच्या सावलीत पसरणारा हमिंगबर्ड सेज. पहिले तिघे कडक उन्हात वाढतात.

ही झाडं दुष्काळात कशी टिकतात? तर व्हाइट सेजची पानं बारीक पांढऱ्या लवीनं झाकलेली असतात, त्यामुळे ऊन परत फेकलं जातं. ब्लॅक सेज उन्हाळ्यात पानं आखडून घेतो, काही गाळूनही टाकतो. उन्हाळा आला की ही झुडपं जवळजवळ झोपी जातात आणि पावसाची वाट बघतात.

आणि इथेच बऱ्याच लोकांची गडबड होते.

पाणी घालून झाड मारायचं कसं?

दक्षिण कॅलिफोर्नियाचं हवामान आपल्या उलटं आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा पूर्ण कोरडा. म्हणजे तिथल्या झाडांना ऊन आणि ओली माती हे दोन्ही एकत्र असण्याची सवयच नाही.

लोक काय करतात? भर उन्हाळ्यात झाड मरगळलेलं दिसलं की रोज पाणी घालतात. गरम आणि ओल्या मातीत बुरशीसारखे रोग वाढतात, मुळं कुजतात. वरून बघणाऱ्याला वाटतं झाड तहानेनं गेलं. प्रत्यक्षात ते जास्त पाण्यानं गेलेलं असतं.

म्हणून नियम अगदी साधे आहेत. झाड लावायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पहिल्या वर्षी मुळं धरेपर्यंत मात्र लक्ष ठेवून खोलवर पाणी द्यायचं, कारण दुष्काळात टिकणारं रोपसुद्धा नवीन असताना टिकत नाही. दुसऱ्या वर्षापासून हात आखडता घ्यायचा. पाणी साचू द्यायचं नाही. खत तर जवळपास नकोच, कारण या झाडांना हलकी जमीन चालते. आणि दोन रोपांत चांगलं तीन-चार फूट अंतर ठेवायचं, कारण आज ओंजळीत मावणारं रोप दोन-तीन वर्षांत भलंमोठं झुडूप होतं.

देशी झाडांचा हा नाद नवाही नाही. थिओडोर पेन नावाचा एक माळी १८९३ मध्ये इंग्लंडहून लॉस एंजेलिसला आला आणि इथली रानफुलं जपा, असं आयुष्यभर सांगत राहिला. त्याच्या नावाच्या संस्थेची नर्सरी आजही तिथे ही रोपं विकते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पैशांची. २०१५ मध्ये दुष्काळ एवढा वाढला की तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांना पाणीवापर २५ टक्के कमी करण्याचा आदेश दिला. कॅलिफोर्नियाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. गवत काढण्याच्या अनुदानावर उड्या पडल्या. पण बऱ्याच ठिकाणी गवत गेलं आणि जागेवर आली फक्त खडी किंवा प्लॅस्टिकचं गवत. पाणी वाचलं, पण अंगण तापायला लागलं. फुलपाखरं, मधमाश्या यांना काहीच मिळालं नाही. शिवाय मोठं लॉन असलेल्यांनाच मोठं अनुदान, भाड्यानं राहणाऱ्यांच्या हातात काही नाही, ही टीका झालीच. पुढे २०२३ मध्ये शहरांना प्लॅस्टिकच्या गवतावर बंदी घालण्याची मुभा देणारा कायदा करावा लागला.

दुसरी अडचण आगीची. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ लागलेल्या आगींमध्ये १६ हजारांहून जास्त बांधकामं जळाली. त्यानंतर आगीचा धोका असलेल्या भागात घराच्या भिंतीपासून पहिल्या ५ फुटांत झाडंझुडपं असावीत का, यावर मोठा वाद पेटला. सेजच्या पानांत सुगंधी तेल असतं आणि वाळलेलं झुडूप पेट घेतं, हे खरंच आहे. पण देशी झाडांच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, झाड देशी आहे का परदेशी यापेक्षा ते भिंतीपासून किती लांब आहे आणि वाळलेल्या फांद्या छाटल्या आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. पाणी वाचवणारं झाड लावा हे जितकं खरं, तितकंच ते भिंतीला खेटून लावू नका, हेही खरं.

तिसरी अडचण चोरीची, आणि तिचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. इन्स्टाग्रामवर घरातली नकारात्मक ऊर्जा घालवायला पानांची जुडी जाळणारे रील बघितलेत ना? त्या जुड्या व्हाइट सेजच्या असतात. हे झाड दक्षिण कॅलिफोर्निया आणि लगतच्या मेक्सिकोच्या थोड्याशा पट्ट्यातच उगवतं. तिथल्या मूळ रहिवासी जमातींसाठी ते पवित्र आहे. पण मागणी वाढली तशी डोंगरांवरून पोती भरभरून चोरी सुरू झाली. २०१८ मध्ये नॉर्थ एटिवांडा या राखीव क्षेत्रातून सुमारे १८० किलो सेज तोडल्याच्या प्रकरणात चौघांना अटक झाली होती. आज या जुड्या भारतातही ऑनलाइन मिळतात. घ्यायच्याच असतील तर त्या लागवडीतल्या आहेत का, एवढं तरी विचारावं.

लॉन काढून दुष्काळ संपणार का?

नाही. कॅलिफोर्नियात माणसं जेवढं पाणी वापरतात, त्यातलं साधारण ८० टक्के शेतीला जातं. शहरांचा वाटा २० टक्के, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास घराबाहेर, म्हणजे मुख्यतः बागांवर. आम्ही एवढं केलं, आता शेतीकडेही बघा, असं शहरवाले म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण शहराच्या दृष्टीनं बघितलं तर हेच पाणी वाचवणं सगळ्यात सोपं आहे. पिण्याचं, स्वयंपाकाचं पाणी कमी करता येत नाही. कुणी पाय ठेवत नाही त्या गवताचं करता येतं.

आपण यातून काय घ्यायचं?

साल्व्हियाची रोपं मागवायची, हे तर नक्कीच नाही. ज्या झाडाला उन्हाळ्यात ओली माती चालत नाही, त्याला आपला चार महिन्यांचा पावसाळा कसा झेपणार? इथलं देशी ते तिथं परकं आणि तिथलं देशी ते इथं परकं.

घ्यायचा तो प्रश्न. २०१६ आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी जात होतं आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. मैदानावरच्या गवताला पाणी द्यायचं की माणसांना, हाच तो वाद होता. आज टँकरवर चालणाऱ्या कितीतरी सोसायट्यांच्या गेटपाशी हिरवंगार लॉन असतं आणि शेजारी 'गवतावर चालू नये' अशी पाटी असते.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात शोभेच्या गवताची व्याख्या जवळपास हीच आहे. ज्यावर कुणी चालत नाही, ते गवत. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावर चर्चा निघाली, तर त्या पाटीकडे एकदा बोट दाखवायला हरकत नाही.