ग्रामसभेला या, पण गावाचा हिशेब फोनवर वाचून या



२ ऑक्टोबर तोंडावर आला आहे. त्या दिवशी गावात ग्रामसभा भरेल. पुढच्या वर्षी गावात कोणती कामं होणार आणि कोणती मागे पडणार, हे ठरवायला तिथून सुरुवात होते. जानेवारी संपेपर्यंत बहुतेक सगळं ठरून गेलेलं असतं. मग वर्षभर पारावर बसून बोटं मोडायची. म्हणून आजच सांगणं आहे: यंदाची सभा चुकवू नका. आणि येताना गावाचा हिशेब वाचून या.

एवढी घाई कशाला, असं तुम्ही म्हणाल. गावाचा वार्षिक विकास आराखडा याच दिवसांत तयार होतो. ‘आमचा गाव, आमचा विकास’ हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. ग्रामसभेने मंजुरी दिली की हा आराखडा ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर चढतो. वित्त आयोगाच्या शिफारशीने येणारा पैसा त्यातल्या कामांवरच खर्च होतो. काम आराखड्यात नसेल तर त्याचं बिल निघत नाही. अंगणवाडीचं छत गळतंय हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, फक्त आराखड्यात ते नसतं. मग तुमची लेकरं आणखी एक पावसाळा गळक्या छताखाली काढतात. मागाहून काम घालायचं म्हटलं तर पुन्हा सभा, पुन्हा मंजुरी, पुन्हा वाट बघणं.

आता गेल्या खेपेची सभा आठवा. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली होती. दवंडी कुणी ऐकली, कुणी नाही. सभेला यायला हवेत गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे. तेवढीही माणसं जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची, म्हणजे या किमान हजेरीची, अटच उरत नाही. म्हणजे साऱ्या गावाचा निर्णय मूठभर माणसांनी घेतला तरी तो कायद्याने पक्का.

कित्येक गावांत तर तेवढंही होत नाही. शिपाई प्रोसिडिंग बुक काखेत मारून घरोघर फिरतो. ‘काका, एक सही द्या.’ तुम्ही गोठ्यातून हात पुसत येता आणि दारातच सही करता. सहीच्या वर काय लिहिलंय ते बघत नाही. वर कोरी जागा असेल तर तिथे पुढे काय लिहिलं जाईल, तेही विचारत नाही. त्या एका सहीने तुम्ही सभेला हजर ठरता. ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होतो, आणि त्या सर्वांत तुम्हीही येता. पूर्वी ते बुक कपाटात पडून असायचं. आता त्यातला निर्णय संगणकावर जातो आणि वर दिल्लीपर्यंत दिसतो: या गावाने हेच मागितलं होतं!

दारातली सही बंद करा. शिपाई आपल्यातलाच आहे, त्याच्यावर चिडू नका, त्याला चहा पाजा. सही मात्र सभेत बसून, वाचून करा.

आणि सभेच्या आधी एक संध्याकाळ काढा. फोन तुमच्या खिशात आहे. ई-ग्रामस्वराज उघडा. राज्य निवडा, जिल्हा निवडा, तालुका निवडा, आपली ग्रामपंचायत निवडा. आर्थिक वर्ष निवडा. मंजूर आराखडा समोर येईल. कामाचं नाव आणि त्यासाठी धरलेली रक्कम, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. कामांची नावं पुष्कळदा इंग्रजीत असतात. बिचकू नका. शाळेत जाणारं पोरगं शेजारी बसवा, ते वाचून दाखवेल. ‘मेरी पंचायत’ हे सरकारी ॲपही आहे. त्यात पंचायतीचा जमाखर्च बघता येतो, चालू कामं बघता येतात, गावासाठी एखादं काम सुचवताही येतं. किराण्याच्या बिलात दहा रुपये जास्त लागले तर तुम्ही दुकानाची पायरी पुन्हा चढता. इथे तर लाखांचं बिल आहे आणि ते तुमच्या घरादारासाठी आहे.

एक सावधगिरी बाळगा. संकेतस्थळावर आराखडा बघायला एक पैसाही लागत नाही. ‘निधी आलाय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. कुणी लिंक पाठवून आधार नंबर मागितला तर देऊ नका.

न बघण्याची किंमत कोण मोजतं? सगळ्यात आधी घरातली बाई. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं ठरलं. सगळ्या घरांना नळ मिळाले की गाव ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित होतं. आणि हे प्रमाणपत्र कुणाच्या शब्दावर मिळतं? ग्रामसभेच्या ठरावावर. म्हणजे तुमच्या. सभेत माना डोलावल्या की मिशनच्या संकेतस्थळावर गावापुढे हिरवी खूण लागते. मग वरच्या आळीतली सून मार्च-एप्रिलमध्ये दोन हंडे घेऊन टँकरमागे पळाली, तरी सरकारदरबारी तिच्या दारात नळ आहे. नळ असेलही. त्याला पाणी आहे का, हे सांगायची जागा ग्रामसभा होती. तिथे कुणी बोललं नाही, आणि आता तक्रार घेऊन गेलं की साहेब संगणक तुमच्याकडे वळवतात.

तेव्हा ठराव येण्याआधी जलजीवन मिशनच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचं नाव शोधा. गावात किती घरं दाखवली आहेत आणि किती नळ, ते बघा. मग आपली आळी एकदा पायी फिरून या. आकडा जुळत नसेल तर सभेत उभे राहा आणि तेवढंच सांगा: ‘इथे इतके नळ दाखवलेत, आमच्या आळीत इतक्या घरांना पाणी येत नाही. हे ठरावात लिहा.’ भाषण करायला नको. आवाज चढवायला नको. हातात आकडा असला की साधा माणूसही ठामपणे बोलू शकतो.

पैशाचंही असंच विचारा. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. ४० टक्के अबंधित होती, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवायची. १ एप्रिल २०२६ पासून १६व्या आयोगाची पाच वर्षं लागतात, २०३१ पर्यंतची. आज पहिलीत असलेलं तुमचं लेकरू तोवर पाचवी ओलांडून गेलेलं असेल. मधल्या वर्षांत शाळेला संडास मिळाला की नाही, स्मशानाकडे जायला धड वाट झाली की नाही, ते तुमच्या हजेरीवर ठरणार आहे. मागच्या वर्षी किती आले, किती खर्चले, कुठल्या कामावर, हे विचारा. बिलाचे पैसे सुटायला सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. म्हणजे उत्तर देणारी माणसं समोरच बसलेली असतात. अदबीने विचारा. बहुतेक सरपंचांना गावाचं भलंच करायचं असतं. ग्रामसेवकाच्या गळ्यात कधी दोन-तीन गावं असतात, त्यात नेटवर्क येत-जात असतं. प्रश्न आधी लेखी द्या, म्हणजे त्यांनाही कागद काढून ठेवता येतील.

आणखी एक धोका आपण स्वतःच पाळून ठेवलाय. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी सुप्रभात, दुपारी पुढाऱ्यांचे वाढदिवस, रात्री रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो आणि त्याखाली चाळीस संतापलेले चेहरे. राग निघाला, मन हलकं झालं, झोप लागली. खड्डा तिथेच. ग्रुपवरचा राग कुठल्याही दप्तरी लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘सभासार’ नावाची सोय आणली. सभेचं रेकॉर्डिंग दिलं की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने इतिवृत्त तयार होतं. चांगली गोष्ट आहे. पण ते यंत्र सभेत बोललं गेलेलंच लिहील. घरी बसून तुम्ही काय टाइप केलंत, ते त्याला कुठून कळणार?

तोच ग्रुप कामाला लावा. सभेच्या आठ दिवस आधी अजेंडा त्यावर टाका. आराखड्याच्या पानाचा फोटो टाका. खड्ड्याचा फोटो टाकला असेल तर त्याखाली एक ओळ लिहा: ‘हा विषय सभेत मांडतोय, कोण कोण येणार?’ आणि ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांना विसरू नका. म्हाताऱ्या आजी आहेत, ऊसतोडीला निघालेलं कुटुंब आहे, वस्तीवरचा मेंढपाळ आहे. तरुण पोरांनो, हे काम तुमचं. रविवारी देवळात, समाजमंदिरात, वस्तीवर जा आणि आराखडा मोठ्याने वाचून दाखवा. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून बायकांच्या बैठकीत वाचन आधी करा. कायद्याने ग्रामसभेच्या अगोदर महिलांची सभा घ्यायची असते. ती खरोखर भरवा. पाण्याचं दुखणं तिथेच खरं कळतं.

मोठ्याने वाचल्याने काय होतं, ते राजस्थानात विचारा. १९९०च्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेने तिथल्या खेड्यांत जनसुनावण्या घेतल्या. कामाची बिलं आणि हजेरीपट लोकांपुढे वाचले. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी आणि न झालेल्या कामांचे पैसे उचलल्याचं उघड झालं. ते कागद हाती यावेत म्हणून १९९६ मध्ये ब्यावरला लोक ४० दिवस धरणं धरून बसले. महाराष्ट्रात अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं केली. २००५ मध्ये देशाला कायदा मिळाला. त्या माणसांनी ज्या कागदासाठी उन्हात दिवस काढले, त्यातला मोठा हिस्सा आज तुम्ही ओसरीवर बसून बघू शकता. तो न बघणं आपल्याला शोभत नाही.

हे जमतं, आपल्याच राज्यात जमलंय. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. तिथे गावाचे निर्णय सगळ्यांच्या सहमतीने होतात आणि आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क गावाने मिळवला. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात रोहिणी हे गाव आहे. २०२५ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स पुरस्कारांत त्याच्या ग्रामपंचायतीने सुवर्ण पटकावलं. ही काही श्रीमंत शहरं नव्हेत. दोन्ही आदिवासी भागातली गावं आहेत.

उत्तर मिळालं नाही तर काय? तिथे थांबू नका. ठरावाची नक्कल मागा. ती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागत असतील तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा पाठीशी आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं. एकट्याने करू नका, चार घरं मिळून करा.

पुण्या-मुंबईत, सुरतेत, आखातात गेलेल्या लेकरांनो, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. मतदारयादीत नाव नसेल तर सभेत तुम्हाला हक्क नाही, पण आराखडा बघायला कुणाची आडकाठी नाही. गणपतीला आलात की मंडपाच्या देणगीबरोबर एक तास गावाला द्या. वडिलांच्या फोनवर ते पान उघडून द्या. परत गेल्यावर सभेच्या आदल्या रात्री आईला फोन करा आणि विचारा, ‘उद्या जाणार ना?’

तुम्ही भली माणसं आहात. शेजारच्या गोठ्याला आग लागली तर बादली घेऊन पळणारी, दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात राबणारी माणसं आहात. गावाच्या कामाला तुम्ही मागे राहाल, असं वाटत नाही. आजवर तुमच्यापाशी हिशेब नव्हता, म्हणून तुम्ही गप्प बसत होतात. आता हिशेब हातात आहे.

तर आज रात्री जेवणं झाल्यावर फोन उघडा. आराखडा वाचा. एक काम निवडा, जे झालं नाही किंवा जे व्हायलाच हवं. ते कागदावर लिहा आणि उद्या ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. दोन शेजाऱ्यांना सांगा, एका बाईला सभेला यायचं निमंत्रण द्या. २ ऑक्टोबरला वेळेवर या. विचारा, ऐका, ठराव लिहून घ्या, वाचून सही करा. आणि जानेवारी संपली की पुन्हा तेच पान उघडून बघा: तुम्ही मागितलेलं काम त्यात आहे का? नसेल, तर पुढच्या सभेत पहिला प्रश्न तुमचा.