इथेनॉल पेट्रोलपुरते, डिझेलचे काय?

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. हे परावलंबित्व कमी करण्यासाठी सध्या तीन उपायांचा पुरस्कार होतो: पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे, वाहने विजेवर चालवणे आणि हायब्रीड. कोणता उपाय किती तेल वाचवतो, हे ठरवायचे तर तेल खर्ची कुठे पडते ते आधी पाहायला हवे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ४० लाख टन पेट्रोलियम पदार्थ खपले. त्यात डिझेल सुमारे नऊ कोटी टन होते, पेट्रोल पावणेचार कोटी टन. म्हणजे पेट्रोलचा वाटा एकूण खपाच्या जेमतेम एक षष्ठांश.

इथेनॉलचा सगळा कारभार या एक षष्ठांशात चालतो. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे मिश्रणाचे पहिले प्रयोग झाले. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, पण दहा वर्षांनंतरही, २०१३-१४ मध्ये, देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळत होती. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत २० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. पुढे ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला.

या वेगामागे साखर कारखान्यांचे गणित आहे. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढले की मळी उरते. ती पुन्हा आटवून आणखी साखर काढतात. काढण्याजोगी सगळी साखर निघाल्यावर उरते ती सी-हेवी मळी. एक टप्पा आधी थांबले तर बी-हेवी. तिच्यात साखरेचा अंश जास्त असल्याने टनाला सुमारे तीनशे लिटर इथेनॉल मिळते, सी-हेवीतून सव्वादोनशेच्या आसपास. मळी आंबवून केलेल्या ऊर्ध्वपातनानंतरही स्पिरिटमध्ये चार-पाच टक्के पाणी राहतेच. त्याची वाफ झिओलाइटच्या बारीक गोळ्यांच्या थरातून नेली की पाणी तिथे अडकते आणि ९९.५ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल हाती येते. ते हवेतलेही पाणी ओढून घेते, म्हणून टँकरने तेल कंपन्यांच्या डेपोत नेऊन तिथेच पेट्रोलमध्ये मिसळतात. साखर गोदामात महिनोन्महिने पडून राहते. इथेनॉलचे पैसे मात्र लवकर येतात आणि ऊस उत्पादकांची एफआरपीची (उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराची) देणी भागवायला कामी पडतात. कारखानदारीला या कार्यक्रमाने हात दिला, हे निर्विवाद आहे.

तेलाच्या हिशेबात मात्र चित्र बरेच लहान दिसते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाने तेरा-चौदा टक्के पेट्रोल वाचते आणि देशाच्या एकूण तेलखपाच्या मानाने ही बचत दोन टक्क्यांच्या थोडी वर जाते. त्यासाठीची किंमतही कमी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. पाऊस कमी पडला की हे गणित कोलमडते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक निर्बंध घातले. ते उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. दरम्यान इथेनॉलचा भार मक्यावर गेला, तेव्हा कुक्कुटपालकांना खाद्य महाग झाल्याची तक्रार करावी लागली.

जमिनीच्या हिशेबाने विजेचे पारडे फार जड आहे. एका एकरात ३५ टन ऊस धरला आणि टनाला ७० लिटरप्रमाणे सगळ्या रसाचे इथेनॉल केले, तर २,४५० लिटर मिळते. ते सुमारे १,६०० लिटर पेट्रोलच्या तोडीचे. लिटरला १५ किलोमीटर चालणारी मोटार त्यावर २४ हजार किलोमीटर धावेल. पाच एकरांत एक मेगावॉटचा सौर प्रकल्प बसतो आणि वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज देतो. एकरी तीन लाख युनिट, युनिटला सहा किलोमीटर, म्हणजे अठरा लाख किलोमीटर. उसाच्या चिपाडापासूनची वीज जमेस धरली तरी ही तफावत भरून निघत नाही. शिवाय सौर प्रकल्प पडीक माळावरही उभा राहतो.

पेट्रोलच्या बाबतीत विजेचा पहिला मान दुचाकीचा आहे. २०१३-१४ च्या देशव्यापी पाहणीत पंपांवरचे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींच्या टाक्यांत जात असल्याचे आढळले होते. दुचाकीची बॅटरी लहान असते आणि ती घरच्या प्लगवर चार्ज होते. हायब्रीडमध्ये ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते, त्यामुळे शहरी रहदारीत इंधन चांगले वाचते. पण प्लग नसलेल्या हायब्रीडची सारी ऊर्जा अखेर टाकीतल्या इंधनातूनच येते. हायब्रीड बचत करते, सुटका नाही. विजेच्या वाटेवरही नवे परावलंबित्व आहे: बॅटरीचे सेल आणि मोटारींतील चुंबके यांसाठी चीनकडे पाहावे लागते. फरक इतकाच की तेल रोज जाळावे लागते आणि बॅटरी एकदा घेतली की अनेक वर्षे चालते.

खरा प्रश्न डिझेलचा आहे. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही. २००० च्या दशकात गाजावाजा झालेली जट्रोफाची लागवड फसली. बायोडिझेलच्या पाच टक्क्यांच्या उद्दिष्टाला आजही पुरेसे खाद्येतर तेल मिळत नाही. सीएनजीचा पर्याय आहे, पण देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो.

म्हणून डिझेलला तोड आहे ती प्रामुख्याने रुळांवर आणि ठरावीक मार्गावरच्या बसमध्ये. कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर मार्गाचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि घाट-बोगद्यांतून धावणारी डिझेल इंजिने मागे पडली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्याच तारखेला, त्याच मार्गावर २०२२ मध्ये विजेवरची पहिली ‘शिवाई’ सुटली. एसटीची बस ठरलेल्या फेऱ्या करून रात्री आगारात परतते, त्यामुळे चार्जिंगची सोय तिथे करता येते. तरीही महामंडळाने करार केलेल्या ५,१५० ई-बस अपेक्षित वेगाने रस्त्यावर आल्या नाहीत.

इथेनॉल वीस टक्क्यांवर स्थिर ठेवून त्यासाठी मळी आणि खराब धान्य पुरेसे मानावे. त्यापुढचे अनुदान, कर्ज आणि राजकीय बळ विजेवरच्या दुचाकी, एसटीच्या बस आणि रेल्वेच्या मालवाहतुकीकडे वळवावे. आयात केलेले तेल जिथे जास्त जळते, तिथेच आयात कमी करता येईल.