पिलू घरी आणण्यापूर्वी



बैल घ्यायचा तर आपण चार बाजार पालथे घालतो. दात पाहतो, खूर पाहतो, कडब्याची सोय करून मगच दावणीला बांधतो. शेळी घ्यायची तरी घरात दोन दिवस बोलणे होते. कुत्र्याचे पिलू मात्र कोणी पिशवीत घालून दिले की आपण तसेच घेऊन येतो. कुत्र्याला कसली आली तयारी, उष्टे खाईल आणि अंगणात पडून राहील, असा आपला समज असतो. हा समज चुकीचा आहे आणि तो एखादे वेळी घरातल्या मुलाच्या जिवावर बेततो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुत्रा पाळूच नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. डही परिसरात घरे एकाला एक लागून नसतात. फळियात जो तो आपापल्या शेतात राहतो. रात्री कोंबड्या, शेळ्या आणि खळ्यावरचा मका राखायला कुत्रा लागतोच. पवित्र शास्त्रातील तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा देवदूताबरोबर घरचा कुत्राही निघतो आणि परतीच्या वाटेवरही तो त्यांच्याबरोबर असतो. इतक्या जुन्या सोबत्याला घरात घेताना थोडा विचार करावा, एवढेच आमचे सांगणे.

केव्हा आणावे?

कुत्री बहुधा भाद्रपदात माजावर येते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. म्हणजे पिले जन्मतात ती दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर. नाताळात ती महिना-दीड महिन्याची, गुटगुटीत झालेली असतात आणि मुलांना नाताळची भेट म्हणून एक उचलून आणावे असे अनेकांना वाटते. ही भेट देऊ नये. पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपाशीच राहिले पाहिजे. तिथे त्याला नुसते दूध मिळत नाही. आपण किती जोरात चावलो म्हणजे दुसऱ्याला दुखते, हे ते भावंडांशी खेळताना शिकते. आईपासून लवकर तोडलेले पिलू पुढे चावरे किंवा भित्रे निघण्याचा संभव असतो. नाताळात पिलू पाहून ठेवावे, मुलांना दाखवावे. घरी आणावे ते तीन राजांचा सण झाल्यावर, त्याचे दोन महिने पुरे भरले की मग.

निवडताना परदेशी जातीच्या मागे लागू नये. आपल्याकडचा उन्हाळा गावठी कुत्राच सोसतो. डोळे स्वच्छ, नाक न वाहणारे, शेपटीखाली जुलाबाचे डाग नसलेले आणि हाक मारली की पुढे येणारे पिलू घ्यावे. सगळ्यांना नर हवा असतो आणि मादी पिले बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला सोडली जातात, हे आपल्याला शोभत नाही. मादीही घर तितकेच चांगले राखते. तिची पिले नको असतील तर पशुवैद्यकाकडून शस्त्रक्रिया करून घेता येते.

आणखी एक प्रश्न घरातल्या सर्वांनी बसून सोडवावा. घर वर्षभर उघडे राहणार आहे काय? आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे पिके निघाली की गुजरातेत मजुरीला जातात आणि भगोरियाला परततात. दार बंद करून सगळे गेले तर पिलाने काय खावे? असे सोडलेले पिलू उपाशी मरते किंवा मोकाट कळपात मिसळते आणि पुढे तेच कोणा शेजाऱ्याच्या मुलाला चावते. मागे राहणारे आजी-आजोबा किंवा शेजारी मनापासून सांभाळणार असतील तरच आणावे. नाहीतर एक वर्ष थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

घराची तयारी

पिलाला ओसरीवर किंवा गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात जागा करावी. वर छप्पर, खाली गोणपाट, वारा लागणार नाही अशी आडोशाची जागा हवी. डोंगराकडच्या घरांना बिबट्याची भीती असते, म्हणून लहान पिलाला रात्री बाहेर दोरीने बांधून ठेवू नये. गळ्यातला पट्टा दोन बोटे आत जातील इतका सैल असावा आणि पिलू वाढेल तसा तो सैल करत जावा.

मग त्याच्या उंचीला वाकून घर पाहावे. कपाशीवर फवारायची औषधे, त्यांचे रिकामे डबे, उंदरांसाठी कालवलेले विषारी पीठ, बियाण्याला लावायची पूड, हे सारे उंच ठेवावे किंवा कुलपात घालावे. पिलू दिसेल ते तोंडात घालते. ही आवराआवर पिलासाठी केली तरी रांगणाऱ्या मुलालाही तिचा उपयोग होतो. गोचीड झाली म्हणून शेतातले कीटकनाशक पिलाच्या अंगाला कधीही चोळू नये. त्याने पिलू मरते आणि चोळणाऱ्यालाही बाधते. गोचिड्या हाताने काढाव्यात किंवा पशुवैद्यकाने दिलेले औषध वापरावे.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे. मक्याची किंवा ज्वारीची भाकर डाळीच्या पाण्यात मऊ कुस्करावी, मीठ-मिरची घालू नये. अधूनमधून उकडलेले अंडे द्यावे. नुसत्या दुधावर ठेवले तर पुष्कळ पिलांना जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेली भाजी आणि शिजलेल्या कोंबडीची हाडे देऊ नयेत. ती हाडे फुटून घशात किंवा आतड्यात रुततात. बकरा कापल्यावर काळीज-फुप्फुसाचे टाकाऊ तुकडेही कच्चे टाकू नयेत. त्यांत पाण्याच्या गाठी असल्या तर कुत्र्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी होतात. तसे तुकडे खोल पुरावेत.

पहिल्या रात्री

पहिले दोन-तीन दिवस पिलू रात्री रडते. आई आणि भावंडे सुटली, म्हणून ते रडते. त्याला मारू नये, अंधारात कोंडूही नये. आईच्या अंगाखालचा एखादा चिंध्यांचा तुकडा आणून गोणपाटावर ठेवावा. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवावी. घरातल्या कोणीतरी जवळ खाट टाकावी. चार-सहा दिवसांत ते रुळते.

खाल्ल्यावर आणि झोपून उठल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी बाहेर न्यावे, म्हणजे घर घाण करण्याची सवय लागत नाही. विष्ठा फावड्याने उचलून पुरावी. पिलाच्या पोटात जंत बहुधा आईकडूनच येतात आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांना त्यांचा उपद्रव होतो. म्हणून आणल्याबरोबर पशुवैद्यकाला विचारून जंताचे औषध द्यावे आणि पुढेही सांगितल्याप्रमाणे चालू ठेवावे.

मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात. पिलू खात असताना त्याला हात लावायचा नाही, झोपले असताना उठवायचे नाही, आणि त्याने चावले किंवा ओरबाडले तर लपवायचे नाही. मुले मार बसेल म्हणून लपवतात. ‘सांगितलेस तर रागावणार नाही’ असे आईबापांनी आधीच सांगून ठेवावे. या एका वाक्याने प्राण वाचू शकतो. तो कसा, ते आता सांगतो.

लस

पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, लहान पिलालाही होतो. २०२५ साली उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात एक तरुण कबड्डीपटू नाल्यात अडकलेले पिलू वर काढत होता. पिलाने त्याला चावा घेतला. जखम किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नाही आणि पुढे रेबीजने तो दगावला. धडधाकट खेळाडू आणि करत होता तेही दयेचे काम. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर हमखास उपाय नाही, रोगी जवळजवळ नेहमीच मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात. रोगाचा धोका असलेल्या भागांत बळी पडणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस टोचून वाचवले ते १८८५ साली. एवढ्या जुन्या उपायाच्या अभावी मुले मरावीत, याला आम्ही देवाची इच्छा म्हणणार नाही.

म्हणून पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी आणि पुढेही डॉक्टर सांगतील त्या मुदतीने, बहुधा दरवर्षी, ती द्यावी. पार्वो आणि डिस्टेंपर हे पिलांना मारणारे रोग आहेत. त्यांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. ती पुरी होईपर्यंत पिलाला मोकाट कुत्र्यांत सोडू नये.

कोणाला कुत्र्याने चावले, ओरबाडले किंवा उघड्या जखमेला चाटले, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली ती जागा पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लाजरसाचे फोड कुत्री चाटत, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. आपण मात्र जखम चाटू देऊ नये. जखमेवर मिरची, चुना, हळद लावू नये. झाडफूक करणाऱ्याकडे जाण्यात दिवस घालवू नये. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात ही भीती आता मनातून काढावी. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडात सुई देतात. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळे औषध टोचतात, तेही घ्यावे. डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवू नये.

हे आपल्याने होणार नाही, असे कोणी म्हणू नये. गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले, पिसाळलेल्या कुत्र्यांचा शोध ठेवला. काही वर्षांतच तिथे रेबीजने माणूस मरणे थांबले आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. तिथल्या गावांत आपल्यासारखेच शेतकरी आणि आपल्यासारखीच मोकळी कुत्री आहेत.

जनावरावर पैसा का घालवावा, असे कोणी विचारील. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणात याचे दोन्ही बाजूंनी उत्तर आहे. प्राण्यांना विनाकारण त्रास देणे मानवाला शोभत नाही, आणि माणसाच्या गरजेचा पैसा त्यांच्यावर उधळणेही योग्य नाही. पिलाच्या लशीत मात्र या दोन्ही गोष्टींचा मेळ बसतो. ती सुई कुत्र्याला टोचली जाते, पण राखण होते ती घरातल्या मुलांची.

आमची एक सूचना आहे. १७ जानेवारीला मठाधिपती संत अंतोनी यांचा सण येतो. त्या सणाला जनावरांना आशीर्वाद देण्याची आपल्या ख्रिस्तसभेत जुनी चाल आहे. त्या सुमारास मिस्सेनंतर प्रत्येकाने आपल्या कुत्र्यापिलांची नावे व वये धर्मग्रामाच्या वहीत नोंदवावीत. दिवाळीच्या सुमारास जन्मलेली पिले राखेच्या बुधवारच्या आसपास तीन महिन्यांची होतील. तेव्हा एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्याला विनंती करू आणि सर्वांना एकाच वेळी लस टोचून घेऊ. पवित्र पाणी आम्ही शिंपडूच. त्याबरोबर सुईही टोचली गेली पाहिजे, आणि त्यासाठी पिलाला दोरी धरून आणण्याचे काम आपले आहे.

प्रभू आपल्या घरादाराचे आणि गुराढोरांचे रक्षण करो.