पाणी आधी, मासा मागाहून

दुकानातून घरी येतो तेव्हा ऑस्कर मासा दोन बोटांएवढा असतो. काळसर अंगावर नारिंगी नक्षी, आणि माणूस काचेजवळ आला की त्याच्याकडे धावत येण्याची सवय. मुले त्याच दिवशी त्याचे बारसे करून मोकळी होतात. परंतु दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा जीव वर्ष-दीड वर्षात २५ ते ३० सेंटिमीटर लांब होतो आणि दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगू शकतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा नेहमीच्या काचपेटीत जेमतेम ५७ लिटर पाणी मावते. फूटभर लांबीच्या माशाने तीत वळायचे म्हटले, तर तोंड एका काचेला आणि शेपूट दुसऱ्या काचेला लागते.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ सांगितला आहे, तो आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा असा मासा पाळावाच का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो खरेदीपूर्वी विचारण्याचा. ऑस्कर मांसाहारी आहे आणि त्याच्या विकतच्या खाद्यगोळ्यांतही बहुधा मासळीची भुकटी असते, ही गोष्ट दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. मासा घरात वाढल्यावर मात्र उरतो तो त्याच्या सुखाचा प्रश्न. येथे काही दयाळू मंडळी एक सोपा मार्ग सुचवतात: जवळच्या तलावात सोडून द्या, अभयदान होईल. माझ्या मते हे अभयदान नव्हे. तो तलावातील लहान मासे व त्यांची अंडी खाणार, आणि वर्षानुवर्षे गोळ्यांवर वाढलेला तो स्वतः तेथे तगेल याचा भरवसा नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मूळचा तेथला नसलेला हाच मासा कालव्यांत कायमची वस्ती करून राहिला आहे. एकाला सोडताना शेकडोंवर संकट आणण्यात जीवदया कसली?

म्हणून मोठी पेटी. निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, या हिशेबाने ही पेटी सुमारे २५५ लिटरांची झाली. म्हणजे पाण्याचेच वजन अडीचशे किलो. काच, वाळू व स्टँड धरून तीनशेच्या पुढे. दिवाणखान्यातील शोकेसच्या फळीचे हे काम नव्हे. मजबूत, समपातळीतला स्टँड भिंतीलगत ठेवावा, पेटीखाली थर्माकोलचा ताव घालावा आणि एक-दोन दिवस नुसते पाणी भरून गळती पाहावी.

बँकेची शाखा नव्या जागेत हलवताना रोकड सर्वांत शेवटी निघते. तिजोरीची खोली, कुलपे, गजर, पहारा हे सारे आधी सिद्ध असावे लागते. माशाचेही तसेच आहे. त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशाला विषारी आहेत, तिसरा त्या मानाने सौम्य. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर वस्ती करतात. नव्या पेटीत ही वस्ती आपोआप व्हायला महिना-दीड महिना लागतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा विचार करण्याची परंपरा असलेल्या आपल्या घरांत हे समजावण्यास वेळ लागू नये. तरीही बहुतेक जण जुना स्पंज नळाखाली खसखसून धुतात आणि क्लोरीनने ती वस्ती संपवतात.

योग्य रीत अशी की नव्या फिल्टरचा स्पंज महिनाभर आधी जुन्याच पेटीत ठेवावा, आणि हलवण्याच्या दिवशी जुना फिल्टरही न धुता, ओला असतानाच नव्या पेटीत चालू करावा. नळाचे पाणी मोकळ्या टबात चोवीस तास ठेवले तर क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामाइन उडत नाही; म्हणून क्लोरीननाशक थेंब घातलेले बरे. आधीच्या आठवड्यात जुन्या पेटीतले थोडे थोडे पाणी दोन-तीनदा बदलावे, म्हणजे दोन्ही पेट्यांतील पाण्यात फार अंतर राहत नाही. तापमानही जुळले पाहिजे. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवते.

आदल्या दिवशी खाद्य बंद. हा अन्नपाननिरोधाचा दोष मानू नये. भरल्या पोटी धांदल झाली की मासा खाल्लेले ओकतो आणि टबातले थोडेसे पाणी तेवढ्याने नासते.

प्रत्यक्ष हलवताना प्रथम हीटरसह सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. मग दगड बाहेर काढून नळीने पाणी उपसावे, मासा बुडेल एवढेच ठेवावे. एवढ्या मोठ्या माशाला जाळीत धरू नये: पंखांचे काटे व कल्ल्यांची झाकणे जाळीत अडकतात, अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर खरवडला जातो, आणि पाण्याबाहेर त्याचे वजन त्यालाच पेलत नाही. झाकणाचा प्लास्टिकचा टब पाण्यात आडवा बुडवावा, ओल्या हाताने मासा हळूच आत वळवावा, झाकण लावावे आणि दोघांनी मिळून पाण्यासह उचलावा. एकट्याने हा प्रयोग करू नये. नंतर नव्या पेटीतले पाणी अर्धा तास पेल्यापेल्याने टबात मिसळावे आणि टब नव्या पेटीत तिरपा करून मासा आपला आपण बाहेर पडू द्यावा. दिवा त्या दिवशी लावू नये. वरच्या झाकणावर वजन मात्र अवश्य ठेवावे. घाबरलेला ऑस्कर उडी मारतो.

पहिल्या दिवशी तो तळाशी कुशीवर पडून राहिला किंवा काळवंडला, तर घरात रडारड नको. या जातीचा तो रुसवा असतो. पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागला, तर मात्र चतुर्थांश पाणी तत्काळ बदलावे. दुसऱ्या दिवशी दोन-चार गोळ्या पुरेत. पंधरा दिवस रोज अमोनिया तपासावा. अंक शून्याच्या वर गेला की पुन्हा पाणी बदलावे.

रिकामी झालेली दोन फुटी पेटी माळ्यावर टाकू नका, आणि नवा मासा आणून भरूही नका. ऑस्कर आजारी पडला तर काही दिवस त्याला वेगळे ठेवून औषध देण्यापुरती ती उपयोगी पडते.