‘बुलेटप्रूफ’ म्हणजे नेमकं कोणत्या बुलेटपासून?

पहाटे साडेपाचला अमरावतीच्या सायन्स कोर मैदानावर जा, नाहीतर अकोल्याच्या वसंत देसाई स्टेडियमवर. पोलीस भरतीवाली पोरं धावताना दिसतील. १६०० मीटरचं टायमिंग सेकंदासकट पाठ, गोळाफेकीचे मार्क पाठ. त्यातल्या एखाद्याला विचारून बघा, ‘भाऊ, उद्या ड्युटीवर जॅकेट भेटलं तर ते कोणती गोळी अडवते?’ उत्तर बहुतेक हेच येईल: ‘बुलेटप्रूफ हाय ना, मंग सगळ्याच अडवते.’

नाही अडवत. हे नोकरी लागायच्या आधीच माहीत असायला हवं.

साध्या, मऊ जॅकेटच्या आत लोखंड नसतं, कापड असतं. अॅरामिड नावाच्या धाग्याचं. त्याचं गाजलेलं ब्रँडनेम केव्हलर. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या केमिस्टला ते सापडलं. हाती आलेलं द्रावण इतकं पातळ आणि गढूळ होतं, की यंत्र तुंबेल म्हणून त्याचा धागा काढायलाही सहकारी आधी तयार नव्हता. निघाला तो धागा सारख्या वजनाच्या पोलादापेक्षा पाचपट मजबूत.

कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला उभा-आडवा धागा काय ते सांगायला नको. या कापडाचे वीस-तीस थर एकावर एक ठेवतात. गोळी आदळली की पहिले काही थर फाटतात, पण तेवढ्यात तिचं टोक चपटं होतं. मग फुटबॉलच्या गोलची जाळी ताणली जावी तसे पुढचे थर ताणले जातात आणि धक्का धाग्या-धाग्यातून आजूबाजूला पसरतो. वीण सैल असेल तर गोळी धागे बाजूला सारून आत घुसते. गोळी थांबली तरी कापड मागे फुगतं आणि मार छातीला बसतोच. म्हणून चाचणीत जॅकेटमागे माती ठेवून खड्डा मोजतात. अमेरिकेच्या एनआयजे मानकात तो ४४ मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही.

आता बारावीचं फिजिक्स आठवा. ९ मिमी पिस्तुलाची आणि एके-४७ ची गोळी, दोन्हींचं वजन साधारण आठ-आठ ग्रॅम. पण एके-४७ च्या गोळीचा वेग जवळपास दुप्पट, म्हणजे ऊर्जा चौपट. शिवाय ती टोकदार. तिथे नुसतं कापड हरतं, पुढे सिरॅमिक किंवा पोलादाची प्लेट लागते. मग थर वाढवत का नाही? वजन वाढतं म्हणून. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर असताना ते ओझं अंगावर घेऊन आठ तास उभं राहून दाखवा. आणि घाम! ओल्या अॅरामिडचे धागे एकमेकांवरून घसरतात, पकड जाते, म्हणून थरांवर पाणी न शिरणारं कव्हर असतं. ते फाटलेलं जॅकेट दिसायला ठीकच दिसतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवताना सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिले. नागपूरच्या व्हीआरसीईचे, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीचे, १९७५ चे मेकॅनिकल इंजिनिअर. हल्लेखोरांकडे एके-४७ होत्या. कामा हॉस्पिटलजवळ करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले. जॅकेट फक्त धड झाकतं, मान आणि खांदे उघडेच राहतात, हेही खरं. पण त्या जॅकेटच्या दर्जावर वाद झाला, कविता करकरे यांनी माहिती अधिकारात त्याबद्दल विचारलं, तेव्हा ते गहाळ असल्याचं उत्तर आलं. ज्या वस्तूवर प्रश्न होता तीच तपासायला नाही! मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त हे खटकतं.

त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ च्या अखेरीस, भारताचं स्वतःचं मानक आलं: आयएस १७०५१. त्यात सहा पातळ्या आहेत, ९ मिमीपासून स्नायपर रायफलच्या चिलखतभेदी गोळीपर्यंत. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं २०२४ मध्ये दाखवलेलं ‘अभेद’ जॅकेट वरच्या पातळ्यांसाठी आहे आणि सर्वात हलकं ८.२ किलोचं. म्हणजे तंत्रज्ञान आहे, मोजपट्टीही आहे. ती मोजपट्टी घालणाऱ्याच्या हातात आहे का, एवढाच प्रश्न.

आमचं म्हणणं साधं आहे. शिपायाला जॅकेट देताना रजिस्टरवर त्याची सही घेताच, तर त्याच पानावर जॅकेटची पातळी, बनवल्याची तारीख आणि त्या लॉटच्या चाचणीचा निकाल लिहा आणि एक प्रत त्याला द्या. भरतीनंतरच्या प्रशिक्षणात एक तास जॅकेटचं लेबल वाचायला ठेवा. आणि मैदानावरच्या मित्रांनो, बिस्किटच्या पुड्यावरची तारीख आपण बघतोच. उद्या जॅकेट हातात आलं की आतली पट्टी उलटून बघा. तारीख पुसलेली असेल, कव्हर उसवलेलं असेल, तर सही करायच्या आधी ‘साहेब, हे बदलून द्या’ म्हणा.